अण्णांचा अंगठा

कडाक् असा आवाज आला तेव्हा मी बंबात पाणी ओतत होते. वळून बघायची गरज नव्हती, तरी बघितलं. मागच्या अंगणात माझे सासरे, रिटायर्ड फॉरेस्ट रेंजर अण्णासाहेब टिपणीस, एक पाय दगडावर ठेवून उभे होते आणि माझ्या नवऱ्याचा अख्खा उन्हाळा त्यांच्या गुडघ्यावर दोन तुकडे होऊन पडला होता.

“घे सूनबाई,” तुकडे माझ्या पायाशी टाकत ते म्हणाले. “पाणी तापव.”

“या वेळी काय खोट निघाली?”

“तुला सांगून कळणार आहे?”

“नाही कळणार. माझ्या बंबात सगळ्या सारख्याच जळतात, म्हणून विचारलं.”

अण्णांनी हात झटकले आणि पाठ फिरवली. मी पडले कोल्हापूरच्या कर्णिकांची, वडील कापडाच्या दुकानात कारकून. मला उत्तर द्यायचं म्हणजे त्यांच्या जिभेला विटाळ. श्रीरंग, म्हणजे माझा नवरा, मागच्या दाराशी उभा होता. तेव्हा मी त्याला ‘अहो’ म्हणायची, पण आता या वयात नावाने सांगायला कुणाच्या बापाची भीती नाही. चाळिशीला आलेला माणूस, शाळेत ड्रॉइंग शिकवणारा. तो आला, खाली वाकला आणि त्या तुकड्यांवरच्या पितळी कड्या सोडवून खिशात टाकल्या, पुढच्या काठीला होतील म्हणून. ना राग, ना शब्द. बापाची थुंकी झेलणारा नवरा नशिबी आला म्हणून मी कपाळाला हात लावला आणि बंब पेटवला.

काठी म्हणजे म्हशी वळायची काठी नव्हे. मासे धरायची. आता मासे धरायला आमच्या गावातली पोरं बेटातून हाताला येईल तो बांबू तोडायची, दोरा बांधायची, गांडूळ लावायची आणि संध्याकाळी कालवण चापायची. अण्णांच्या लेखी ती माणसंच नव्हती. ‘गांडूळवाले’ म्हणायचे त्यांना. अण्णांना नोकरीच्या सुरुवातीला कुणी गोरा साहेब भेटला होता. त्याने त्यांना शिकवलं की भरीव कळकाच्या सहा लांब कामट्या काढायच्या, रंध्याने तिकोनी तासायच्या, सरस लावून एकमेकींना चिकटवायच्या आणि त्यातून एकच सहा कडांची काठी करायची. मुठीशी जाड, शेंड्याला काडीएवढी. वाकवली की कमान होते, सोडली की सरळ. तिला गांडूळ चालत नाही. तिला कोंबड्याच्या पिसांची, रेशमाने गुंडाळलेली खोटी माशी लागते आणि ती पाण्यावर अशी अलगद टाकावी लागते की माशाला ती खरी वाटावी. बरं, एवढी सगळी सर्कस करून मासा लागला की काय करायचं? तर सोडून द्यायचा! घरी वांग्याची भाजी. साहेब विलायतेला गेला, पण नाक मुरडायची आपली सवय तेवढी अण्णांकडे ठेवून गेला.

ते नाक मग सगळ्या गावाला पुरलं. हेडमास्तरांना इंग्रजी येत नाही, मामलेदाराला काटा-चमचा धरता येत नाही, शेजारचे गुप्ते मोठ्याने ढेकर देतात. डॉक्टरांनी साखर वाढलीय म्हणून गोळ्या लिहून दिल्या तर म्हणे, “त्याला गोळ्या खपवायच्यात.” गोळ्या फडताळात पडून राहिल्या आणि अण्णा रोज दोन चमचे साखर घालून चहा पीत राहिले. सांगणार कोण? सांगायला गेलं की तुमची अक्कल निघणार.

पण त्यांचा खरा राखीव माल श्रीरंगसाठी होता. काठी तयार झाली की श्रीरंग ती दोन्ही हातांवर आडवी धरून नैवेद्यासारखी अण्णांपुढे न्यायचा. अण्णा डोळे मिटायचे आणि उजव्या हाताचा अंगठा मुठीपासून शेंड्यापर्यंत फिरवायचे. दोन कामट्या जिथे जुळतात तिथे केसभर जरी चढ लागला तरी काठी नापास. नापास काठी ठेवायची नाही, कुणाला द्यायची नाही, गुडघ्यावर घ्यायची. पास झाली तर करणाऱ्याने मुठीच्या वर शाईने आपलं नाव घालायचं आणि त्यावर रोगणाचा हात मारायचा. हा साहेबाचा नियम. अण्णांच्या नावाच्या काठ्या बाहेरच्या खोलीत भिंतीवर टांगलेल्या होत्या. श्रीरंगच्या नावाची एकसुद्धा नव्हती. माझं लग्न झाल्यापासून मी त्याच्या काठ्यांवर अंघोळी करत आले होते.

त्या दिवशी दुपारी अण्णा झोपल्यावर मी तोंड सोडलं. दिनकरने, माझ्या भावाने, कोल्हापुरात छापखाना काढला होता. ब्लॉक बनवायला, चित्रं काढायला त्याला घरचा माणूस हवा होता आणि ती जागा त्याने आमच्यासाठी कधीची धरून ठेवली होती.

“अजून किती वर्षं त्या अंगठ्यापुढे नाक घासणार आहात?” मी म्हटलं. “त्यांच्या तोंडून एक ‘बरी आहे’ ऐकायला? अहो, त्यांनी आयुष्यात कशाला बरं म्हटलंय? सासूबाईंच्या हातच्या श्रीखंडाला नावं ठेवली, त्यांच्या तेराव्यालासुद्धा!”

श्रीरंग ताटात रेघा ओढत राहिला. मग म्हणाला, “आणखी एक करतो. दसऱ्यापर्यंत होईल. ती तोडली तर कोल्हापूर.”

“शपथ घ्या.”

“तुझी शपथ.”

“आणि नाही तोडली तर?”

तो जरासा हसला. “तर तिच्यावर नाव घालीन आणि इथेच बसेन तासत. मग तू मला पुन्हा कोल्हापूरचं बोलायचं नाही.”

मी लगेच कबूल झाले. अण्णा काठी तोडणार नाहीत असं मानायला मी काही वेडी नव्हते. दुसऱ्याच दिवशी दिनकरला कळवून टाकलं, दिवाळीच्या आत येतो म्हणून. माळ्यावरची ट्रंक काढून उन्हात घातली.

तो पावसाळा सगळा रंध्याच्या आवाजात गेला. मला त्या कामातलं ओ की ठो कळायचं नाही आणि कळून घ्यायचंही नव्हतं. पण ती काठी रोगण सुकायला टांगलेली होती तेव्हा केर काढता काढता मी थांबले, एवढं खरं. मधाच्या रंगाची होती. सहा कामट्यांची मिळून आहे असं सांगूनही पटलं नसतं. मला तिचा रागच आला. जळायचंच होतं तर एवढं नटायची काय गरज होती?

अण्णांनी घरात तिला हात लावला नाही. “घरात काय बघायची? पाण्यावर बघू,” म्हणाले. मग दसऱ्यानंतरच्या रविवारी आम्ही तिघं सकाळच्या एसटीने धरणाच्या मागच्या अंगाला गेलो. मला कुणी बोलावलं नव्हतं. मी भाकऱ्या बांधल्या आणि बसमध्ये जाऊन बसले. कोल्हापूरचं तिकीट निघताना मला माझ्या डोळ्यांनी बघायचं होतं.

“ही कशाला?” अण्णांनी श्रीरंगला विचारलं, मी समोर बसलेली असताना.

“भूक लागते ना पाण्यावर,” श्रीरंग म्हणाला.

“साहेब दोन बिस्किटांवर दिवस काढायचा.”

“साहेबाला भाकरी कोण करून देणार होतं?” मी म्हटलं. अण्णांनी खिडकीबाहेर तोंड फिरवलं.

ओढा जिथे धरणाच्या पाण्याला मिळतो तिथे खडक आहेत. पाणी नितळ झालं होतं. अलीकडच्या काठाला दोघं गांडूळवाले बसले होते, त्यांनी अण्णांना रामराम केला. अण्णांनी तो घेतला नाही. कोट, टोपी, गुडघ्यापर्यंतचे मोजे अशा थाटात ते खडकावर चढले, श्रीरंगच्या हातून काठी घेतली आणि दोरी हवेत मागे-पुढे खेळवायला लागले. एवढं मात्र कबूल करते की ते बघत राहावं असं होतं. दोरी त्यांच्या डोक्यावरून लांबच लांब उलगडत गेली आणि ती पिसांची माशी ओढ्याच्या तोंडाशी पाण्यावर टेकली.

थोड्या वेळाने मासा लागला. खवल्या जातीचा होता, चांगला हातभर लांब. काठी पार मुठीपर्यंत वाकली. मला वाटलं आता आपोआपच मोडते, अण्णांच्या गुडघ्याला त्रासच नको. पण मोडली नाही. मासा खोल पाण्यात पळाला, खडकाआड गेला, परत आला, आणि काठी त्याच्यामागून वाकत, उठत, पुन्हा वाकत राहिली. श्रीरंग श्वास रोखून बघत होता. शेवटी मासा दमला. अण्णा काठी काखेत धरून पाण्यात उतरले, डाव्या हाताने त्याला धरला, उजव्या हाताने त्याच्या जबड्यातला गळ सोडवू लागले. माशाने एक जोराचा हिसडा दिला, सुटला आणि गेला. अण्णांनी हात कोटाला पुसले आणि वर येऊन खडकावर बसले.

“कशी वाटली?” श्रीरंगने विचारलं. विचारताना त्याने तोंड पाण्याकडे केलं होतं.

“मासा मूर्ख होता म्हणून आला.” अण्णांनी काठी मांडीवर आडवी घेतली. “वाकते. वाकायला काय, तुझ्या शाळेतली छडीसुद्धा वाकते. बघू.”

त्यांनी डोळे मिटले. अंगठा मुठीच्या वर टेकवला आणि सावकाश पुढे सरकवायला लागले. मधेच थांबले, मागे आले, पुन्हा पुढे गेले. त्यांच्या चेहऱ्यावर ते नेहमीचं हसू आलं, दुसऱ्याची चूक सापडल्यावर यायचं ते.

“वाटलंच,” ते म्हणाले. “हा इथे, पेराच्या वर. चढ आहे. आंधळ्यालाही लागेल एवढा. चाळीस वर्षांचा घोडा झालास, अजून तुला दोन कामट्या जुळवता येत नाहीत.”

श्रीरंग वळला नाही. त्याचे खांदे तेवढे खाली आले. माझ्या डोळ्यांसमोर छापखाना आला, दिनकरच्या घराशेजारच्या दोन खोल्या आल्या, महाद्वार रोड आला. मी डबा पिशवीत भरायला घेतला.

आणि तेव्हा मला दिसलं की दोरी हलतेय. अण्णांचा अंगठा पुढे गेला की दोरी पुढे जात होती, अंगठा मागे आला की मागे येत होती. मी वाकून बघितलं. माशाच्या तोंडातून निघालेला तो गळ अण्णांच्या अंगठ्यात रुतला होता. वरवर नाही, पार वाकणापर्यंत आत. बाहेर नुसती पिसं दिसत होती. रक्ताचा एक ओघळ त्या मधाच्या रंगाच्या काठीवरून खाली चालला होता. आणि अण्णा डोळे मिटून, त्याच अंगठ्याने, केसभर चढ शोधत होते.

मी काही बोलले नसते तर पुढच्या क्षणी काठी गुडघ्यावर होती आणि दिवाळीला मी कोल्हापुरात. अण्णांनी काठी उचललीसुद्धा. श्रीरंगची पाठ होती, बघणारी मी एकटी. पण मला त्या अंगठ्याची अशी काही शिसारी आली की कोल्हापूर त्यापुढे उभंच राहिना. काय तो रुबाब! काय ते डोळे मिटणं!

“थांबा अण्णा,” मी म्हटलं. “कुठल्या बोटाला लागला चढ?”

“काय?”

“कुठल्या बोटाला लागला म्हणते. या अंगठ्याला? त्यात गळ आहे.”

अण्णांनी डोळे उघडले. अंगठ्याकडे बघितलं. मग छाती पुढे काढून म्हणाले, “आहे. ठाऊक आहे मला. एवढ्याशा गळासाठी बोंबलायला मी काय गांडूळवाला आहे?”

“ठाऊक होतं तर दोरी सोडवली का नाहीत? इकडून तिकडे फिरवत होता ती?”

“श्रीरंग, हिला गप्प कर.”

श्रीरंग आला. माझ्याकडे न बघता बापासमोर उकिडवा बसला, पिशवीतून पक्कड काढली. गळाच्या टोकाला उलटा काटा असतो, त्यामुळे आला तसा ओढून निघत नाही. आणखी पुढे रेटून टोक दुसऱ्या बाजूने बाहेर काढायचं, काटा तोडायचा आणि मग मागे घ्यायचा. अण्णांच्या पापणीचा केससुद्धा हलला नाही. आपल्या अंगठ्याकडे ते परक्याचा अंगठा बघावा तसे बघत होते. काटा तुटला, गळ निघाला, रक्त भळभळायला लागलं. मी माझा रुमाल दिला.

“कधीपासून असं होतंय तुम्हाला?” मी विचारलं.

श्रीरंग रुमालाची गाठ मारत म्हणाला, “दोन वर्षं झाली असतील. साखरेने बोटं मेलीत त्यांची.”

आम्ही दोघांनीही त्याच्याकडे बघितलं.

“तुला माहीत होतं?” अण्णांनी विचारलं.

“तुम्ही रंध्याच्या पात्यावर बोट कापून घेतलंत आणि मला विचारलंत, हे लाल काय सांडलंय. तेव्हाच कळलं.”

“आणि काठ्या?”

“चांगल्या होत्या.”

“सगळ्या?”

“एक सोडून सगळ्या.”

म्हणजे दोन वर्षं हा म्हातारा न लागणारा चढ सांगत होता आणि चांगल्या काठ्या मोडत होता! आता उमगलं का ते. एखादी चांगली म्हणून सोडली आणि मागून कुणी तिच्यात खोट काढली तर हसं झालं असतं. मोडलेल्या काठीतली खोट कोण शोधायला जातंय? सगळ्या गावाची अक्कल काढणारा माणूस आपली मेलेली बोटं झाकायला माझ्या बंबाला सरपण पुरवत होता. आणि माझा नवरा, तो शहाणा, सगळं जाणून दर वेळी दोन्ही हातांवर काठी घेऊन पुढे जात होता!

“मग बोलला का नाहीस, गाढवा?” अण्णा ओरडले. त्यांचा आवाज फाटला.

श्रीरंग रागाने बोलला असता तर अण्णांनी झेललं असतं. राग त्यांच्या ओळखीचा होता. पण तो अगदी शांतपणे, मुलांना समजावताना बोलायचा तसं बोलला.

“तुम्हाला दुसरं काय येतं, अण्णा? तेही काढून घेतलं असतं तर दिवसभर काय केलं असतं तुम्ही?”

काठावरचे गांडूळवाले एव्हाना गळ टाकायचे थांबून आमच्याकडे बघत होते. मला वाटायचं की या घरात सगळ्यांना तुच्छ लेखणारा एकच माणूस आहे. माझा गरीब नवरा दोन वर्षं बापाची कीव करत होता, खुळखुळा द्यावा तशा त्याच्या हातात काठ्या देत होता, आणि मला त्याचा पत्ता नव्हता. बापाला तो पत्ता आत्ता लागला होता. त्यांच्या टोपीखालचा चेहरा एकदम म्हातारा दिसायला लागला.

मग त्यांनी ती काठी उचलली आणि माझ्यापुढे धरली. माझ्यापुढे! घरातल्या काठ्यांवरची धूळसुद्धा त्यांनी मला कधी पुसू दिली नव्हती.

“तू बघ,” ते म्हणाले. “अंगठा फिरव. चढ लागतो का सांग.”

मी पदराला हात पुसला आणि अंगठा फिरवला. पेराच्या वर, त्यांनी दाखवलेल्या जागी, दोनदा फिरवला. श्रीरंग माझ्याकडे बघत होता. शपथ त्यालाही आठवत होती. ‘लागतो’ एवढं म्हटलं असतं तर काम झालं असतं. पण मग त्यांच्यात आणि माझ्यात फरक काय राहिला असता?

“नाही लागत,” मी म्हटलं.

“नीट बघ.”

“नीटच बघितलं. माझी बोटं जिवंत आहेत.”

अण्णांनी काठी माझ्या हातून घेतली आणि श्रीरंगकडे दिली. “घाल नाव,” ते पुटपुटले.

कोल्हापूर गेलं ते गेलंच. दिनकरने नंतर ती जागा बायकोच्या भावाला दिली आणि मी ट्रंक परत माळ्यावर चढवली. पण ते पुढचं. त्या वेळी मी चडफडत भाकरी मोडायला बसले. श्रीरंगने दोरीला दुसरी माशी बांधली, पायजमा वर खोचला आणि पाण्यात उतरला. काठीवरचं रक्त त्याने पाण्याने धुऊन टाकलं. मग त्याने पहिल्यांदा स्वतःच्या काठीने स्वतः माशी फेकून बघितली. दोरी अण्णांइतकी लांब गेली नाही. मधेच ढिली पडली.

खडकावरून अण्णांचा आवाज आलाच. “मनगट! मनगट मोडतोय गाढव! साहेबाने बघितलं असतं तर...”

श्रीरंगने मान वळवली नाही. त्याचं लक्ष पाण्यावर होतं.

“गप्प बसा, अण्णा,” तो म्हणाला.

माझा घास हातातच राहिला. अण्णांनी तोंड उघडलं, माझ्याकडे बघितलं, त्या गांडूळवाल्यांकडे बघितलं. कुणी हसत नव्हतं. त्यांनी रुमाल बांधलेला हात कोटाच्या खिशात घातला, आणि गप्प बसले.